लाखेच्या पॉलिशआधी सागवानाला रंग

जुन्या सागवानी कपाटाला नवी फळी बसवली की तिचा रंग बाकीच्या कपाटाशी जुळत नाही, विशेषतः गाभ्याभोवतीचा फिकट पट्टा फळीत आलेला असेल तर. अशा वेळी लाखेच्या पॉलिशमध्येच थोडा रंग कालवून बोळा फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. काम झटपट होते हे खरे. परंतु बोळ्याचा एक फेरा दुसऱ्यावर जिथे चढतो तिथे रंग गडद होतो, कडांशी काळपट पट्टे उमटतात, आणि रंग थरातच राहत असल्याने कोपरा झिजला की खालचे फिकट लाकूड उघडे पडते. म्हणून लाकूड आधी रंगवावे आणि मगच त्यावर लाख चढवावी, असे माझे मत आहे.

मात्र कोणता रंग घ्यायचा, हे त्याच्या द्रावकावरून ठरवावे लागते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे खाली स्पिरिटमध्येच विरघळणारा रंग असेल, तर पॉलिशचा पहिला ओला बोळा तो रंग उचलतो, पसरवतो आणि तासाभरापूर्वी एकसारखी दिसणारी फळी ढगाळ करून सोडतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाला स्पिरिट फारसे हलवू शकत नाही, म्हणून लाखेखाली तोच विश्वासाचा. गेरू किंवा पिवळी माती हे मातीचे रंग विरघळतच नाहीत. ते छिद्रांत बसून राहतात, आणि जास्त झाले तर सागाच्या रेषा झाकतात.

पाण्याच्या रंगाचा एक त्रास असा, की लाकडाचे तंतू ओले झाले की उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यावर उपाय रंगाच्या आधीच करायचा असतो: फळी नुसत्या पाण्याने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच कापावेत. रंग दिल्यावर पेपर मारला, तर कडांवरचा रंगच निघून जातो. साग तेलकट असल्यामुळे रंगापूर्वी थिनरचे फडके फिरवून घेणेही बरे.

लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ३० ग्रॅम भुकटी हे सर्वसाधारण प्रमाण आहे, पण मी ते पातळच ठेवतो. गडद करण्यासाठी दुसरा हात देता येतो. रंग काटकसरीने न लावता सगळी फळी एकदम भिजवावी आणि ओली असतानाच जादा रंग पुसून घ्यावा. उभ्या भागावर खालून वर जावे, म्हणजे कोरड्या लाकडावर ओघळांचे डाग पडत नाहीत. फळीची आडवी कापलेली टोके रंग अधिक शोषतात, म्हणून तिथे रंग आणखी पातळ हवा.

वाळलेला रंग इतका निस्तेज दिसतो की नवख्याला तो फसलाच असे वाटते. त्याची पारख ओला असतानाच करावी, कारण लाख चढल्यावर तो साधारण तसाच दिसणार असतो. त्यात लाखेची स्वतःची नारिंगी झाकही मिसळते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग आणि लाख दोन्ही देऊन तो कपाटाशेजारी, दिवसाच्या उजेडात धरून पाहण्याला पर्याय नाही.

रंग रात्रभर वाळल्यावर पहिला हात पातळ लाखेचा द्यावा. लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम लाख पुरते. हा हात एकाच दिशेने, न घासता द्यायचा, कारण पाण्याचा रंगदेखील रगडल्यास थोडा सुटतोच. लाख भिजवून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये; काही महिन्यांनी ती नीट सुकत नाही, चिकट राहते. पावसाळ्यात तर मी हे काम काढतच नाही, कारण दमट हवेत थर पांढरट पडतो.

एवढे करूनही छटेत थोडा फरक राहिलाच, तर स्पिरिटच्या रंगाची खरी जागा इथे आहे: दोन-तीन हात सुकल्यावर चिमूटभर रंग पातळ लाखेत मिसळून तो फक्त फिकट पट्ट्यावर द्यावा आणि वर पुन्हा साधी लाख चढवावी. उलट रंग गडद झाल्याचे लाखेआधी लक्षात आले, तर ओल्या फडक्याने तो बराच उतरवता येतो; लाख चढल्यावर मात्र आधी ती स्पिरिटने धुऊन काढावी लागते.