नवा बेसिक आयपॅड येतोय म्हणे, पण काचेचं काय?

बेसिक आयपॅडची, म्हणजे ॲपलच्या सगळ्यात स्वस्त टॅबची, चर्चा परत सुरू झालीये. ए१६ चिपवाला मार्च २०२५ मध्ये आला, त्याला आता वर्ष होत आलं, त्यामुळे येत्या मार्चच्या आसपास पुढचा येणार असं जो तो म्हणतोय, ॲपलकडून अजून एक अक्षरही आलेलं नाही ते सोडा. चिप ए१८ असणार की ए१९ यावर लोक हिरीरीने भांडतायत. मला मात्र दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत, पहिली म्हणजे रुपयांतली किंमत आणि दुसरी स्क्रीनची काच, कारण माझ्या आजूबाजूला हा टॅब जे घेतात ती पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रोडच्या अभ्यासिकांमध्ये दिवसभर बसणारी एमपीएससीची मुलं आहेत. त्यातला एक माझा भाचा. कॉट बेसिसवर राहतो, मेसला जेवतो आणि गेला महिनाभर रोज विचारतोय, "मावशी, आता घेऊ का मार्चपर्यंत थांबू?" पैसे ताई आणि भाऊजी देणार आहेत, तेही साठवून, त्यामुळे उत्तर देताना मला नीट विचार करावासा वाटला आणि तो केला तर मग सगळाच लिहून टाकते.

आधी किंमत. २०१७ ते २०२१ या काळात भारतात बेसिक आयपॅड अठ्ठावीस ते एकतीस हजारांच्या मधे मिळायचा, २०२० चा २९,९०० ला, २०२१ चा ३०,९०० ला. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा नव्या डिझाइनमध्ये आला आणि थेट ४४,९०० लावले! एका झटक्यात चौदा हजार वर. तेव्हा कितीतरी मुलांनी आयपॅडचा नाद सोडला आणि सॅमसंग घेतला. पुढे मे २०२४ मध्ये तोच ३४,९०० ला आणला, आणि २०२५ चा ए१६वाला त्याच किमतीत, पण ६४ ऐवजी १२८ जीबी देऊन. हे खरंच चांगलं केलं, ६४ जीबी म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ आणि क्लासची डाउनलोड केलेली लेक्चर्स यांनी सहा महिन्यांत भरून जातं.

आता हे ३४,९०० कुठून आले ते बघा. अमेरिकेत किंमत ३४९ डॉलर, कर सोडून. मे २०२४ मध्ये डॉलर साधारण साडेत्र्याऐंशी रुपयांचा होता, म्हणजे २९,१४० च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ३४,३८७. म्हणजे ३४,९०० हा सरळ हिशोबच आहे, फारसा वरखर्च नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. तेच ३४९ डॉलर नव्वदने गुणा, जीएसटी लावा, ३७,०६४ येतात. म्हणजे अमेरिकेत एक सेंटही न वाढवता आपल्याकडे दोन हजार वाढू शकतात आणि कोणी त्याला दरवाढसुद्धा म्हणणार नाही.

असं होतं का? होतं. आयफोन १६ आणि आयफोन १७ दोन्ही अमेरिकेत ७९९ डॉलरला आले, आपल्याकडे पहिला ७९,९०० ला आणि दुसरा ८२,९०० ला. स्टोरेज दुप्पट दिलं हे मान्य, पण ते तिकडेही दुप्पटच दिलंय की. उलट उदाहरणही आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चा आयपॅड प्रो आला तेव्हा रुपया घसरलेला असूनही ९९,९०० तशीच ठेवली. पण लाखाच्या वस्तूत तेवढं सोसायला जागा असते, सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ती फार कमी असते असं मला वाटतं.

आणि या वेळी आणखी एक भानगड आहे, मेमरी. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपांची इतकी ओढाताण चाललीये की रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत जोरात वाढलेत, मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर त्याच डिसेंबरमध्ये क्रूशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि नेमकं याच वेळी बेसिक आयपॅडला रॅम वाढवून द्यायची पाळी आलीये. सध्याच्यात ६ जीबी आहे, त्यामुळे ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआयच्या सोयी, त्यावर चालत नाही, सध्याच्या ॲपलच्या टॅबमध्ये तो एकटाच मागे राहिलाय. ते चालवायचं तर ८ जीबी द्यावीच लागेल, ए१८ वाल्या आयफोन १६ई मध्ये ८ जीबीच आहे. म्हणजे रुपया पडलेला, रॅम महाग झालेली आणि रॅम वाढवायचीही आहे. ॲपल एवढी मोठी कंपनी, त्यांचे करार आधीच झालेले असतात, कदाचित ते सगळं पोटात घालतील. पण माझा अंदाज विचाराल तर ३६,९०० ते ३७,९००. ३४,९०० च ठेवली तर मी पेढे वाटीन, आणि ३९,९०० लावली तर मात्र तो घेऊ नये असं स्पष्ट सांगेन.

ॲपल इंटेलिजन्सबद्दल मला काही फार उत्साह नाही. त्यात मराठी नाहीच. भाच्याचा निम्म्याहून जास्त अभ्यास मराठीत आहे, स्टेट बोर्डाची पुस्तकं, चालू घडामोडींची मासिकं, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं मराठी. त्याचा सारांश ते करून देणार नाही, आणि खरं सांगायचं तर सारांश त्याने स्वतःच काढायला हवा, परीक्षेत तोच आठवतो. पण ८ जीबी रॅम मला हवीये, वेगळ्या कारणासाठी. आयपॅडओएस २६ या आयपॅडच्या सॉफ्टवेअरपासून साध्या आयपॅडवरही खिडक्या उघडून काम करता येतं, एकीकडे सहाशे पानांची स्कॅन पीडीएफ, बाजूला नोट्स आणि मागे लेक्चर थांबवून ठेवलेलं, असं मुलं खरोखर करतात. आणि मग नोट्समधून परत पीडीएफवर आलं की ती पुन्हा लोड होते आणि पहिल्या पानावर जाऊन बसते, हा अनुभव मी भाच्याच्या मित्राच्या टॅबवर शेजारी बसून बघितलाय. चारशे बाराव्या पानावर होता बिचारा. रॅम वाढली तर हे कमी होईल, तेवढ्यासाठी तरी नव्याची वाट बघण्यात अर्थ आहे.

आता काच. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण चर्चेत यावर कोणी बोलतच नाही.

बेसिक आयपॅडची स्क्रीन लॅमिनेटेड नाही. म्हणजे वरची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नाहीत, मधे बारीकशी पोकळी आहे. व्हिडिओ बघताना, वाचताना काही फरक पडत नाही, पण स्क्रीनवर लिहायची पेन्सिल हातात घेतली की लगेच कळतं. टोक टेकतं काचेवर आणि रेघ उमटते त्याच्या किंचित खाली, आणि प्रत्येक अक्षराला पोकळ टकटक आवाज येतो, जो शांत अभ्यासिकेत शेजारच्यालाही ऐकू जातो. इंग्रजी लिहिताना हे चालून जातं. मराठी लिहून बघा. आपल्याला अक्षरावर परत फिरून यावं लागतं, शब्द झाला की वर शिरोरेषा ओढायची, मग मात्रा, मग अनुस्वार, मग रफार, आणि ते बरोबर जिथल्या तिथे बसायला हवं. तिरकं बसून लिहिताना तो केसभराचा फरक नेमका इथे नडतो. मी मुद्दाम "सर्वांगीण" लिहून बघितलं. रफार आणि टिंब दोन्ही एकाच वा वर द्यायचं होतं, त्यातलं टिंब गेलं पुढच्या गी वर आणि शिरोरेषा अक्षरांना चिरून मधून गेली. सवयीने जमतं, मुलं जमवतात, पण दिवसाला दहा पानं लिहायची असतील तर डोळ्यांना आणि हाताला त्रास होतोच.

हे काही नवीन तंत्र नाही, आयपॅड एअर २ ला, म्हणजे बेसिकच्या वरच्या मॉडेलला, ॲपलने २०१४ मध्येच लॅमिनेटेड स्क्रीन दिली होती! इतक्या वर्षांनंतरही ती बेसिकला मिळत नाही कारण ती दिली तर पंचवीस हजार जास्त देऊन, ५९,९०० चा एअर घ्यायला लोकांकडे एक कारण कमी उरेल. या वेळीही मिळणार नाही असंच मी धरून चाललेय. डिझाइन तेच राहणार असं बोललं जातंय, आणि डिझाइन तेच म्हणजे काच तीच. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, चिकटवलेली नसल्यामुळे काच फुटली तर नुसती काच बदलता येते, डिस्प्ले वाचतो, आणि कॉटवर उशाशी टॅब ठेवून झोपणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही सोय छोटी नाही.

पेन्सिलचा खर्च तर लोक हिशोबात धरतच नाहीत. यूएसबी-सी वाली ॲपल पेन्सिल ७,९०० ची, आणि तिला दाब कळत नाही, म्हणजे जोरात लिहा नाहीतर हलकं, रेघ सारखीच. चांगली पेन्सिल प्रो या मॉडेलला चालतच नाही. मग दीड-दोन हजाराची दुसऱ्या कंपनीची स्टायलस घेतली तरी नुसत्या नोट्ससाठी पुरते, हात टेकला तरी रेघोट्या उठत नाहीत, तिरकी धरली तरी कळतं. पासोड्या विठोबापाशी बुधवार पेठेतल्या दुकानांत जा, ढिगाने आहेत, फक्त तिथेच टॅबला जोडून, दोन ओळी लिहून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कव्हर आणि स्क्रीनगार्डही तिथेच घ्या. कागदासारखा खरखरीत मॅट गार्ड लावला तर लिहायला पकड येते पण वाचताना अक्षरं किंचित दाणेदार दिसतात, आणि टोक लवकर झिजतं. ॲपलचा कीबोर्ड २४,९०० चा, त्याचा विचारही करू नये.

म्हणजे १२८ जीबीचा आयपॅड, स्टायलस, कव्हर, गार्ड धरून चाळीस हजारांची तयारी ठेवा, ॲपलचीच पेन्सिल घेतली तर पंचेचाळीसच्या पुढे. त्याच्या शेजारी सॅमसंगचा एस१० लाइट ठेवून बघा, ३०,९९९ ला आला आणि एस पेन डब्यातच, दाब ओळखणारं. शाओमीचा पॅड ७ तर २७,९९९ पासून, त्याचं मॅट काचेचं मॉडेल ३२,९९९ ला, फक्त पेन वेगळं घ्यावं लागतं. नोट्स हेच मुख्य काम असेल तर मी सॅमसंगकडे झुकते. आयपॅडची खरी ताकद टिकण्यात आहे. २०२० चा आठव्या पिढीचा आयपॅड अजून आयपॅडओएस २६ वर चालतो, पाच वर्षं झाली. एमपीएससीचा अभ्यास किती वर्षं चालेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नंतर धाकट्या बहिणीला द्यायचा तर ही गोष्ट फार मोलाची आहे.

अजून एक, जे भाच्याला पटायला वेळ लागला. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, तिथे कागदावर पेनाने तासन् तास लिहायचंय. उत्तरलेखनाचा सराव टॅबवर करू नका रे बाबांनो. काचेवर हात घसरत जातो, लिहिण्याचा वेग फसवा येतो आणि परीक्षेत तिसऱ्या तासाला बोटं दुखायला लागली की कळतं. वाचायला, अधोरेखित करायला, झेरॉक्सची आणि स्पायरल बाइंडिंगची थप्पी कमी करायला टॅब घ्या, उत्तरं ताव घेऊन लिहा.

तर आमचं ठरलंय असं. मार्च अखेरपर्यंत थांबायचं, त्यापुढे एक दिवस नाही. नवा ३७,९०० च्या आत आला आणि ८ जीबी दिली तर तो घ्यायचा. जास्त लावली तर दुकानांत उरलेला ए१६ बघायचा, नवीन आला की जुन्याचा स्टॉक काढायला दुकानदार भाव सोडतात, वर बँकेची कार्डाची ऑफर असते आणि विद्यार्थ्यांची सवलतही विचारून घ्यायची. ज्यांची पूर्वपरीक्षा तोंडावर आहे त्यांनी मात्र थांबूच नये, आत्ता जो परवडतो तो घ्यावा नाहीतर परीक्षा झाल्यावर बघावं. आणि घ्यायच्या आधी एकदा कोरेगाव पार्कला कोपा मॉलमधल्या ॲपलच्या दुकानात जाणार आहोत, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय ते. तिथे बेसिक आणि एअर दोन्ही शेजारी ठेवून भाच्याने स्वतःच्या हाताने मराठीत एक परिच्छेद लिहून बघायचा, पंचवीस हजारांचा फरक त्याला हाताला जाणवतो का ते तोच सांगेल.