झडपेचा एक्झॉस्ट आणि चार सिलिंडरची केमन

पोर्शेने 2016 साली केमन या स्पोर्ट्स कारमधील सहा सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे टर्बो (जळालेल्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेले इंजिन बसवले, तेव्हा ताकद वाढली. आवाज मात्र, माझ्या मते, रुक्ष झाला. म्हणूनच जर्मनीत वापरत असलेल्या माझ्या गाडीला मी झडपेचा एक्झॉस्ट बसवून घेतला. बटण दाबून झडप बंद केली की जळालेला वायू सायलेन्सरमधील लांबच्या मार्गाने जातो आणि बराचसा आवाज आतच शोषला जातो. झडप उघडल्यावर तो जवळच्या वाटेने बाहेर पडतो व खर्जातला घुमार ऐकू येतो. टर्बो स्वतःच पुष्कळ आवाज गिळत असल्यामुळे सहा सिलिंडरची गोडी काही परत येत नाही, आणि अश्वशक्तीच्या मोठ्या वाढीची अपेक्षा तर ठेवूच नये. येथे विनाकारण गोंगाट करण्यास कायद्याने मनाई असल्याने, महाग पडला तरी, मान्यताप्राप्त संचच निवडला.