शिंप्याचा भविष्यकाळ

लेक आठवीत आहे, सेमी-इंग्रजीत. परवा रात्री मी ओटा आवरत होते, तेव्हा ती वही घेऊन आली. "आई, फ्युचर परफेक्टचं एक वाक्य दे ना." मी रुबाबात सुरुवात केली, "आय शॅल हॅव..." तिने तिथेच अडवलं. "शॅल कोण म्हणतं आता? बाईंनी सगळीकडे विल सांगितलंय."

आमच्या वेळी आय आणि वुईला शॅल, बाकीच्यांना विल, आणि निश्चय दाखवायचा असेल तर बरोबर उलट, असं पाठ करावं लागे. हा नियम नोंदवला जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने, 1653 साली, लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात. (पुढे दोनच वर्षांनी या गृहस्थाने गणितात अनंताचं चिन्ह आणलं. शिंप्याशी गाठ पडली असणार.) त्या नियमापायी एक परका माणूस बुडाल्याचा जुना विनोद आहे. तो पाण्यातून ओरडला, "आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावरच्या व्याकरणशुद्ध मंडळींना त्याचा अर्थ लागला तो असा: मी बुडणारच, खबरदार मला कुणी वाचवाल तर!

गंमत म्हणजे इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. वॉकचं वॉक्ड होतं, पण उद्या चालायचं तर दुसऱ्याच्या कुबड्या घ्याव्या लागतात. विल म्हणजे मुळात इच्छा असणं. मृत्युपत्राला आपण इच्छापत्र म्हणतो ते चुकीचं नाही. शॅल म्हणजे मुळात देणं लागणं. थोडक्यात, इंग्रजांचा उद्या एक तर इच्छेवर चालतो, नाही तर उधारीवर.

आपल्याकडे करीन, करशील, करील अशी घरची रूपं आहेत. (हल्ली सगळे 'करेन' म्हणतात, मीही म्हणते.) पण ती वापरतो कोण? भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकलाय. सोमवारी फोन केला तर शिंपीदादा म्हणाले, "उद्या देतो, ताई." हा वर्तमानकाळ. मंगळवारी, "झालाच समजा, हुक तेवढे राहिलेत." हा भूतकाळ. बुधवारी मी स्वतः दुकानात जाऊन उभी राहिले, तर शटर अर्धं खाली आणि फोनवर आवाज, "आलोच!" माणूस अजून निघालेला नाही आणि क्रियापद येऊन पोचलंसुद्धा. तीन दिवसांत एकदाही भविष्यकाळ नाही. आणि खरं सांगायचं तर तो नाही तोवरच आशा असते. शिंपी "देईन की!" म्हणाला की समजावं, जुनी साडी-ब्लाउज इस्त्रीला टाकायची वेळ झाली.

भविष्यकाळाचं रूप आपण उद्यासाठी वापरण्यापेक्षा अंदाजासाठीच जास्त वापरतो, असा मला दाट संशय आहे. "बाबा कुठेत?" "असतील गच्चीत." यात उद्याचं काहीच नाही. बाबा आत्ता, या क्षणी, बहुधा गच्चीत आहेत. इंग्रजही दाराची घंटा वाजली की "दॅट विल बी द पोस्टमन" म्हणतातच.

पाणिनीला मात्र अशा शिंप्यांचा अनुभव असावा. त्याने संस्कृतात भविष्याचे दोन वेगळे लकार (म्हणजे क्रियापदाच्या रूपांचे गट) केले आणि त्यातल्या एकासाठी सूत्र दिलं, 'अनद्यतने लुट्'. जे होणार आहे, पण आज नाही, त्याला लुट्. हुक, काजं, फॉल-पिको, सगळं त्यात बसतं. शिवाय भूत आणि भविष्य हे दोन्ही शब्द एकाच 'भू' धातूचे, भू म्हणजे होणं. सख्खी भावंडंच ती. शिंपीदादांनी त्यांची अदलाबदल केली तर मी कुठल्या तोंडाने भांडू?

हे सगळं मी लेकीला ऐकवलं. तिने अर्धंमुर्धं ऐकलं आणि वहीत आपलं आपण वाक्य लिहून टाकलं: "द टेलर विल हॅव स्टिच्ड माय मदर्स ब्लाउज बाय फ्रायडे."

वाक्य बिनचूक आहे. लग्न गुरुवारी आहे.