तीन टेबलांचे काम आणि दोन माणसे

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका कृषी पत्तीन संघात, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थेत, मी क्लार्क आहे. आमचे सेक्रेटरी निवृत्त झाले, त्यांच्या पाठोपाठ खतविक्री पाहणारा सेल्समन कारखान्यात नोकरी लागल्याने निघून गेला, आणि दोन्ही जागा न भरल्यामुळे मी आणि शिपाई मामा असे दोघेच राहिलो. पीक कर्ज, खत, रेशन आणि रोजची किर्द (जमाखर्चाची वही) ही सगळी कामे आमच्यावर आली.

अशा संस्थेत काम वर्षभर सारखे नसते. मे महिन्यात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतल्या) पेरणीसाठी बियाणे आणि खताची गर्दी होते, जुलैमध्ये भांगलण आटोपली की युरियासाठी रांग लागते, आणि मार्चमध्ये कर्जे नवी-जुनी करायची, म्हणजे जुने फेडून नवे घ्यायचे, असते. कर्नाटकात पाच लाखांपर्यंतचे पीक कर्ज बिनव्याजी मिळते. पूर्वी ही मर्यादा तीन लाख होती, ती २०२३-२४ मध्ये वाढली. मात्र मुदतीत फेड केली तरच ही सवलत मिळते. म्हणजे माझ्या टेबलावर एखादा कागद मुदतीपलीकडे पडून राहिला, तर व्याजाचा भुर्दंड शेतकऱ्याला बसणार.

म्हणून मी पहिल्यांदा एकच कसोटी ठरवली. ज्या कामाला उशीर झाल्याने सभासदाचे पैसे जातील ते आधी, बाकीचे नंतर. अहवाल, जुन्या नोंदींची जुळणी आणि संगणकावर माहिती चढवणे मागे टाकले आणि तसे चेअरमनना लेखी कळवले. तोंडी सांगितलेले पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

खत सकाळी द्यायचे आणि कर्जाची कागदपत्रे दुपारनंतर घ्यायची, असे वेळापत्रक केले. खताच्या विक्रीला पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा लागतो. आयुष्यभर शेतात राबलेल्या आज्यांचे ठसे पटकन उमटत नाहीत, त्यात जंगलाकडच्या भागात नेटवर्क जाते; त्यामुळे एका पोत्याला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. ही दोन कामे एकाच वेळी चालवताना दोन्हीकडची माणसे ताटकळत आणि चिडत. मार्चसाठी प्रत्येक वाडीला वेगळा दिवस दिला, उतारा आणि इतर कोणते कागद लागतात हे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत फलकावर लावले. अर्ज कन्नडमध्ये छापलेले असतात, आणि आमच्याकडच्या पुष्कळ वयस्कर सभासदांना ते वाचता येत नाहीत. तेव्हा वाडीतील शिकलेल्या मुलांनी अर्ज घरीच भरून आणावेत अशी विनंती केली. ती मुलांनी मनापासून मानली, आणि याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

तरीही किर्द रात्री घरी बसूनच पुरी होई. झोप उडाली, पाठ धरली, घरच्यांशी धड बोलणे होईना. मी काम कसेतरी उरकत होतो तोवर जागा रिकामी आहे हे संचालकांना जाणवण्याचे कारणच नव्हते. "चालवून घे रे, आणखी थोडे दिवस," एवढेच उत्तर मिळे. मग मी पावती पुस्तक, टपालाची वही आणि कर्जाचे रजिस्टर यांवरून रोज कोणत्या कामाला किती वेळ जातो याचा तक्ता केला, शिल्लक राहणाऱ्या कामांपुढे त्यांची मुदत लिहिली, आणि संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर मी थांबणार नाही असे त्यासोबत संचालकांना दिलेल्या अर्जात नमूद केले. हा अर्ज सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा असा आग्रहही धरला. मासिक बैठकीत तो वाचला गेला, तेव्हा एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "हे आम्हाला कोणी असे मांडून दाखवलेच नव्हते."

खताच्या हंगामापुरता गावातील एक पदवीधर तरुण मानधनावर घेण्याचा ठराव झाला. मामांनी त्याला मशीन शिकवले, कारण ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त चांगले येते. सेक्रेटरीची जागा अजून रिकामीच आहे. तिची मागणी मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घातली आहे, आणि सोबत कामाच्या वेळेचा तो तक्ता पुन्हा जोडला आहे.