तुम्ही विचारलंत म्हणून: पिण्याचं पाणी कॉन्टॅक्ट लेन्सला का चालत नाही?

लेन्स लावायला शिकवताना मी "नळाचं पाणी लावू नका" म्हटलं की समोरचा हमखास थांबवतो. "जे पाणी आम्ही बिनधास्त पितो, ते लेन्सला का नको?" प्रश्न रास्त आहे.

पोटात गेलेल्या बारीकसारीक जीवांना जठरातलं आम्ल बघून घेतं. डोळ्यात तशी सोय नाही. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे प्राणवायूसुद्धा तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. राखणीला अश्रू आणि पापण्यांची उघडझाप. लेन्स लावली की तिच्याखाली अश्रूंची ये-जा मंदावते आणि लेन्सला जे काही चिकटलेलं असेल ते तासन्‌तास कॉर्नियाला टेकून राहतं.

त्यात सर्वांत चिवट म्हणजे अकँथमीबा. हा एकपेशीय जीव नळाचं पाणी, पोहण्याचा तलाव, माती, कुठेही सापडतो. दिवस वाईट आले की दुहेरी भिंतीच्या कवचात दडी मारतो, आणि पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरिनला ते कवच दाद देत नाही. पिणाऱ्याला त्याची बाधा होत नाही. पण कॉर्नियावरच्या एखाद्या न दिसणाऱ्या ओरखड्यातून आत शिरला तर डोळा दिसतो जरासा लाल, आणि माणूस मात्र वेदनेने तळमळत असतो. सुरुवातीला हे दुखणं हर्पिस या विषाणूच्या डोळ्यातल्या संसर्गासारखं दिसतं, म्हणून निदानाला उशीर होतो. मग रात्रंदिवस तासातासाला थेंब, पुढे कित्येक महिने औषध, आणि एवढं करूनही बुबुळावर फूल राहू शकतं. आजार विरळा आहे, उगाच घाबरवत नाही. पण लेन्स वापरणाऱ्याला त्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त.

"मग उकळून, मीठ घालून?" हेही विचारतात. 1980च्या दशकात अमेरिकेत काही जण मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरीच सलाइन बनवत. तिथे तेव्हा अकँथमीबाचे जे रुग्ण सापडले, त्यांच्यात ही मंडळी ठळकपणे दिसली. विकतचं सलाइनसुद्धा फक्त खळबळायला. ते जंतू मारत नाही. ते काम सोल्यूशनचं, म्हणजे लेन्स साफ करायच्या जंतुनाशक द्रवाचं.

शिवाय मऊ लेन्स साध्या पाण्यात फुगते, आकार बदलते आणि डोळ्यात घट्ट बसते. काढताना कॉर्नियाचा वरचा थर खरवडला जातो.

लेन्स घालून आंघोळ नको, पोहणं नको, हे बहुतेकांना पटतं. ओल्या हातांकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. साबणाने हात धुतले, बोटाच्या टोकावर एक थेंब राहिला, त्याच बोटावर लेन्स ठेवली; गेलं पाणी डोळ्यात. हात कोरडे करा, तंतू न सुटणाऱ्या कापडाने. डबीचंही तेच: रोज जुनं सोल्यूशन ओतून द्या, वरून भर घालून भागवू नका. डबी नव्या सोल्यूशननेच खळबळा, पुसा, झाकणं काढून स्वच्छ टिश्यूवर पालथी घाला. तीन महिन्यांनी फेकून द्या. बाटलीवर चोळायची गरज नाही असं लिहिलेलं असलं तरी मी तळहातावर लेन्स चोळायलाच सांगते. चिकटलेली घाण चोळल्यानेच सुटते.

प्रवासात सोल्यूशन संपलं तर? चष्मा. म्हणून तो जवळ हवाच, आणि नंबर आजचा हवा.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. घरात पडलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग आणखी फोफावतो. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्या, डबी न धुता. तपासणीला त्यातलाच ओशट थर लागतो.