बिल आले, मिशेल आल्या: जॉर्जटाउनमधला एक नाश्ता

साउथ कॅरोलायनाला जाणारे बहुतेक लोक चार्ल्सटनसाठी जातात. आम्हीही गेलो. रंगीत घरं, घोडागाड्या, खाडीवरचं गार वारं, सगळं छान आहे आणि सगळीकडे रांगा आहेत. शहराबाहेरच्या एका जुन्या मळ्याचं महागडं तिकीट काढून आत गेलो, तर मार्गदर्शक बाई बराच वेळ झुंबरं आणि चिनी मातीची भांडी दाखवत होत्या. ज्यांच्या हातांनी तिथला भात पिकला त्या गुलाम माणसांच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं आली. बाहेर हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चालले होते. माझं डोकं फिरलं. ताई म्हणाली, "उद्या जॉर्जटाउनला जाऊ. तिथे एवढी गर्दी नसते."

चार्ल्सटनचे उरलेले दिवस मी इथेच संपवते. मला लिहायचं आहे ते जॉर्जटाउनमधल्या एका सकाळीबद्दल.

हायवे १७ ने उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. सुरुवातीला रस्त्याकडेला गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांच्या टपऱ्या लागतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी ही कला इथे टिकवली आहे आणि एकेका टोपलीला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे किमती ऐकून घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे एका ठेल्यावर उकडलेल्या शेंगा मिळाल्या, आपल्याकडच्यासारख्याच, फक्त मीठ जास्त. मग दलदल, नद्या, आणि फांद्यांवरून राखाडी जटा लोंबणारे ओक. १८४० च्या सुमारास अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ जॉर्जटाउनच्या परिसरात पिकत होता. आता भातशेती नाही. बांधांच्या रेषा काही ठिकाणी ओळखू येतात.

आम्ही उतरलो ते एका वयस्क कृष्णवर्णीय जोडप्याच्या घरी. त्यांनी वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या आहेत. पलंग इतका उंच की चढायला पायरी ठेवली होती, हीटर रात्रभर घोंघावत होता, झोप यथातथाच झाली. पण पाहुणचार मात्र असा, की चार्ल्सटनच्या हॉटेलात मोजलेले पैसे आठवून वाईट वाटलं. आदल्या रात्री उशिरा पोचलो तर जेवायचं राहिलं असेल म्हणून झाकून ठेवलेला चवळी घातलेला भात आणि भेंडी. मी दोनदा वाढून घेतलं.

सकाळी नाश्त्याला मक्याच्या रव्याची पेज, म्हणजे ग्रिट्स, वर लोणी आणि कोळंबी. मी सहज विचारलं, "मिशेल ओबामांचं मूळ गाव हेच ना?" घरमालकीण आजींनी चमचा खाली ठेवला. "त्यांच्या आजोबांचं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याच त्या."

माहिती अशी. मिशेल यांचे खापरपणजोबा जिम रॉबिन्सन जॉर्जटाउनजवळच्या फ्रेंडफील्ड नावाच्या भाताच्या मळ्यावर गुलाम होते. आजोबा फ्रेझर रॉबिन्सन कामाच्या शोधात शिकागोला गेले आणि निवृत्तीनंतर बायकोला घेऊन परत इथेच आले. मिशेल लहानपणी सुट्टीत इथे यायच्या. जानेवारी २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बराक ओबामा की हिलरी क्लिंटन, हे ठरवणारं राज्यातलं मतदान, म्हणजे प्रायमरी, होतं; तेव्हा मिशेल नवऱ्याच्या प्रचारासाठी आल्या आणि आजी-आजोबा ज्या बेथेल चर्चमध्ये जात तिथेच बोलल्या. आमच्या आजी तेव्हा मागच्या बाकांवर होत्या.

"मी हिलरीची होते," आजी म्हणाल्या. "नवं वर्ष लागेपर्यंत."

हे ऐकून मला नवल वाटलं, पण ते वाटायला नको होतं. २००७ च्या बऱ्याच काळात साउथ कॅरोलायनातले कित्येक कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीची आठवण चांगली होती, माणूस ओळखीचा होता. ओबामा नवे. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे गोरे लोक याला मत देणार नाहीत, आपलं मत फुकट जाईल, किंवा याला कोणी गोळी घालेल, ही भीती. आजींची बहीण न्हाव्याच्या, म्हणजे केस सेट करण्याच्या दुकानात काम करायची. तिथे रोज हीच चर्चा.

या भीतीबद्दल उमेदवार स्वतः काय बोलणार? "मला मारणार नाहीत, घाबरू नका," असं तो सांगू शकत नाही. ते बायकोच सांगू शकते. मिशेल यांनी ते नोव्हेंबर २००७ मध्ये ऑरेंजबर्गच्या साउथ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात सांगितलं. येताना आम्ही त्या गावात थांबलो होतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तिथे तीन तरुण मेले, त्यांचं स्मारक विद्यापीठाच्या आवारात आहे. अशा ठिकाणी उभं राहून भीतीबद्दल बोलायला धैर्य लागतं. मिशेल यांनी त्या भाषणात आजी-मावशीच्या सोफ्याची गोष्ट सांगितली. आयुष्याची पुंजी घालून नवं फर्निचर घ्यायचं आणि मग खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक घालायचं. प्लॅस्टिक पिवळं पडतं, उन्हाळ्यात पायाला चिकटतं, आणि तो सोफा असा कधी उपभोगताच येत नाही. आपली माणसं बराकला असंच जपायला बघताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे मी ताईच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला आमच्या चाळीतल्या घराघरातले सोफे दिसले. आजींना विचारलं तर त्या खळखळून हसल्या. "माझ्या आईचा सोफा! त्यावर पाहुणेसुद्धा घसरायचे. ऑरेंजबर्गहून चुलत बहिणीचा फोन आला, म्हणाली, अगं, ती तर आपल्या घरात येऊन गेली आहे."

पण मत त्या भाषणाने बदललं नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. मत बदललं ३ जानेवारीला, सगळ्यांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यात ओबामा जिंकले तेव्हा. तिथे बहुतेक सगळे गोरे, आणि तरी ते पहिले आले. मिशेल यांनी जमीन भुसभुशीत केली होती, आयोवाने पेरणी झाली, असं मी समजते. आयोवातही मिशेल खूप फिरल्या होत्या. तिथले कार्यकर्ते त्यांना ‘क्लोझर’ म्हणायचे, कारण कुंपणावर बसलेल्या माणसाकडून पाठिंब्याच्या कार्डावर सही घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"आणि मग बिल आले," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला.

इथून पुढचा अर्धा तास मी खाणं विसरले. जानेवारीत बिल क्लिंटन न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामांच्या इराकबद्दलच्या भूमिकेला परीकथा म्हणाले होते. त्यांचं बोलणं युद्धाबद्दल होतं, पण इथल्या कित्येकांच्या कानांनी ते सगळ्या उमेदवारीबद्दल ऐकलं. मग मतदानाआधीच्या आठवड्यात हिलरी दुसऱ्या राज्यांच्या दौऱ्यावर गेल्या आणि साउथ कॅरोलायना नवऱ्यावर सोपवून गेल्या. माजी राष्ट्राध्यक्ष गावोगावी सभा घेत होते, पत्रकारांवर चिडत होते. २१ जानेवारीला मर्टल बीचच्या वादसभेत ओबामा म्हणाले की आपण नेमके कुणाविरुद्ध लढतोय हेच कधी कधी कळत नाही. इथले सर्वांत वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनीही बिलना जरा शांत व्हायला सांगितलं होतं.

"मला त्यांनी ओबामावर टीका केली याचं काही नाही," आजी म्हणाल्या. "निवडणूक आहे, करणारच. पण ते आम्हाला समजावत होते, पोरांना समजावतात तसं. चाळीस वर्षं मी या गावच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळलं. मला कुणी समजवायची गरज नव्हती. आणि हिलरी कुठे होती? मला तिला ऐकायचं होतं."

तेवढ्यात आजोबा कॉफीचा कप घेऊन आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मी हिलरीलाच दिलं. बिलमुळे दिलं." आजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं भांडण अजून ताजं होतं! नव्वदच्या दशकात आजोबांचं काम नीट चाललं होतं, मुलं शिकली, आणि तो काळ ज्याच्या नावावर जमा होता तो माणूस गावोगावी येऊन मत मागत होता. त्यांच्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

त्या टेबलावर मला त्या निवडणुकीच्या आकड्यांचा अर्थ लागला. २६ जानेवारीला ओबामांना ५५ टक्के मतं मिळाली, हिलरींना २७, तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांना १८. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना केंद्रांवर प्रश्न विचारले गेले, त्यात साधारण दहातल्या सहा जणांनी सांगितलं की बिल यांचा प्रचार आपल्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. त्यातल्या ४८ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं होतं आणि ३७ टक्क्यांनी हिलरींना. शेवटच्या तीन दिवसांत ठरवणारे २० टक्के होते. त्यांच्यात ओबामांना ५१ आणि हिलरींना अवघे २१.

यावरून लगेच सगळीकडे छापून आलं की नवऱ्याने बायकोला बुडवलं. मला हे अर्धवट वाटतं. बिलना महत्त्व देणाऱ्यांत हिलरींचा वाटा ३७ आहे, म्हणजे एकूण मतदारांतल्या २७ पेक्षा दहाने जास्त. तो माणूस काहींना घट्ट धरून ठेवत होता आणि त्याच वेळी काहींना दूर लोटत होता. दोन्ही प्रकारचे मतदार एकाच घरात, एकाच कॉफीच्या भांड्यातून कॉफी पीत होते. बिल यांचं जेसी जॅक्सन या पूर्वीच्या कृष्णवर्णीय उमेदवाराबद्दलचं ते विधान, की जॅक्सनही १९८४ आणि १९८८ मध्ये इथे जिंकले होते, ते तर मतदानाच्या दिवशीचं. त्याने मतं हलली असं म्हणता येणार नाही, पण ओबामांचा विजयही तसलाच, असं लोकांना त्यातून ऐकू आलं आणि जखमेवर मीठ मात्र चोळलं गेलं.

शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात आदल्या आठवड्यात एका जेवणाच्या पंगतीत आपल्याच एका गृहस्थांनी ऐकवलं होतं की इथले लोक, त्यातून बायका, उमेदवाराची जोडी कशी दिसते ते बघून मत देतात. तेव्हा मी गप्प बसले होते. आता विचारलं तर सांगेन की या आजींनी मिशेलच्या कपड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, बहुतेक धोरणं जवळपास सारखी. मग माणूस पारखायचा कशावरून? जो त्याच्या किंवा तिच्यासोबत राहतो तो काय बोलतो, कसा बोलतो, आणि उमेदवाराला जे बोलता येत नाही ते बोलतो की उमेदवारालाच झाकून टाकतो, हे बघणं उथळपणा कसा होईल?

आणि क्लायबर्न यांचंच घ्या. १९६० मध्ये ऑरेंजबर्गला निदर्शनं करताना ते पकडले गेले, पोटात कावळे ओरडत होते, तेव्हा एमिली नावाच्या मुलीने आपल्या हातातल्या हॅम्बर्गरचा अर्धा तुकडा त्यांना दिला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. २०१९ मध्ये एमिली गेल्या. २०२० च्या प्रायमरीच्या तीन दिवस आधी क्लायबर्न यांनी जो बायडेन यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्यांनी एमिलीची आठवण काढली. बायडेन ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले आणि तिथून त्यांची गाडी रुळावर आली. ही एका नेत्याच्या बायकोचीच गोष्ट आहे, फक्त ती बायको उमेदवाराची नव्हती आणि हयातही नव्हती. आजी म्हणाल्या, "एमिलीला सगळं राज्य ओळखायचं."

निघताना आजींनी मला विचारलं, "तुमच्याकडे ही प्रायमरी कधी असते?" मी सांगितलं, नसते. पक्षाचे मोठे नेते मुंबईत किंवा दिल्लीत बसून नाव ठरवतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार याची वाट बघत कार्यकर्ते ताटकळतात. उमेदवाराच्या बायका आमच्याकडेही खूप फिरतात, हळदीकुंकू घेतात, दारोदार जातात, पण तोवर नाव ठरलेलं असतं.

आजींनी ते ताईकडून पुन्हा एकदा नीट समजावून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पक्षातल्या दोघांपैकी कोण, हे तुला कुणी विचारतच नाही? मी तर त्या जानेवारीत महिनाभर नवऱ्याशी भांडत होते."

मी म्हटलं, "आमच्याकडे ते भांडण नेत्यांच्या बंगल्यावर होतं."

त्यांनी चवळी-भाताचा डबा माझ्या हातात दिला आणि बजावलं, की पुढच्या वेळी प्रायमरी असेल तेव्हाच ये, सभांना बरोबर जाऊ, आजोबांना घरीच ठेवू.