टॉवर काढून छोटा डेस्कटॉप घेताना: माझा अनुभव

नवा संगणक घ्यायचा की नाही हे ठरवायला दुकानात जाण्याआधी जुन्याचा टास्क मॅनेजर उघडावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो समोर येतो. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचे आलेख रोजचं काम चालू असताना बघायचे, संगणक रिकामा असताना बघून काहीच कळत नाही.

माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती. काम सोसायट्यांच्या हिशेबाचं: टॅली, एक्सेल, क्रोमचे पाच-दहा टॅब, अधूनमधून पीडीएफवर डिजिटल सही. एवढं सगळं उघडं असताना प्रोसेसर क्वचितच घाम गाळायचा, डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर चिकटलेली. अशा मशीनला नवा प्रोसेसर नको, एसएसडी हवी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबीपर्यंत देते, साटा केबलने जोडलेली एसएसडी ५००च्या पुढे जाते. पण खरी तफावत विखुरलेल्या लहान फायलींमध्ये असते. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबीवर येते, आणि विंडोज सुरू होताना नेमकं तेच काम चालू असतं.

एसएसडी जुन्या बोर्डावर लावून घेताना एक गोष्ट बघावी. एच८१वर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. हाताला आला त्या पोर्टात केबल खुपसली तर निम्मा वेग गेला. रॅमचे स्लॉट दोनच, प्रत्येकी ८ची मर्यादा, म्हणजे १६ जीबीवर दार बंद.

तरीही एवढ्यावर भागलं असतं, पण विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि सुरक्षेच्या किल्ल्या जपणारं टीपीएम २.० लागतं. टीपीएम आहे का ते रन खिडकीत ‘टीपीएम.एमएससी’ टाइप करून दिसतं. या अटी चुकवून विंडोज ११ बसवणारे आहेत, जमतंही, पण पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँक, जीएसटी आणि लोकांच्या सह्या ज्या मशीनवर आहेत तिथे मी असला जुगाड करणार नाही. घरात फक्त ब्राउझर आणि सिनेमे असतील तर त्याच टॉवरमध्ये एसएसडी घालून लिनक्स टाकावं, एवढं पुरे.

छोटा डेस्कटॉप म्हटलं की पहिलं नाव निघतं मॅक मिनीचं. २०२४च्या अखेरीस आलेला एम४ चिपचा मिनी १२.७ सेंटीमीटरचा चौकोन आहे, मुळात १६ जीबी मेमरीचा, आणि भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपयांचा. मशीन उत्तम, वादच नाही. पण टॅली विंडोजवर चालते. या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज बसवायची सोय, नाही. विंडोज चालवायची तर आभासी मशीनमध्ये, आणि तीही एआरएमची, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीची. साधे प्रोग्राम तिथे अनुवादाने चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. प्रत्येक ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेला असावा लागतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, जुन्या मराठी फॉन्टच्या पॅकेजचं कुलूप (जे लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही), जुना लेझर प्रिंटर यांतलं एक जरी अडलं तरी काम ठप्प. शिवाय मागेपुढे एकही जुना चौकोनी यूएसबी पोर्ट नाही, म्हणजे टोकन, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं हबवर. मेमरी नंतर वाढवता येत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मी डोळे मिटून हाच घ्यायला सांगेन, टॅलीवाल्याला नाही.

दुसरी जात म्हणजे एन१०० प्रोसेसरचे तळहाताएवढे डबे. चार कोर, ६ वॉट, विंडोज ११ सुरळीत. एकाच कामाच्या काउंटरला छान, पण मेमरीला एकच चॅनेल (प्रोसेसरकडे जायची वाट) असतो आणि मोठ्या एक्सेलमध्ये ते जाणवतं. त्यातल्या अनोळखी ब्रँडना बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) अपडेट्स कुठून मिळणार, हा प्रश्न वेगळाच.

मी घेतला तो कॉर्पोरेट ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि ठाकठीक करून विकलेला डबा: डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो. लेनोवोचे टायनी आणि एचपीचे मिनी याच वर्गातले. आत आय५-८५००टी, सहा कोर, ३५ वॉट. रॅमचे दोन स्लॉट, ३२ जीबीपर्यंत. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान एसएसडीसाठी एम.२ स्लॉट आणि शिवाय अडीच इंची ड्राइव्हची जागा. जाडी साडेतीन सेंटीमीटर. किंमत मॅक मिनीच्या निम्म्याहून कमी. ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कांतून असा माल सतत निघत असतो आणि वाशीत सेक्टर १७ला विचारला तर मिळतो. जास्त पर्याय हवे असतील तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. डबा सॅकमध्ये मावतो, टॅक्सी लागत नाही.

असा माल दुकानातच, इंटरनेट लावून तपासायचा. आधी एफ२ दाबून बायोस उघडायचा. पासवर्ड मागितला तर ठेवून यायचं, तो दुकानदाराकडूनही सहज निघत नाही. मग विंडोज कोरी बसवून सुरुवातीच्या पडद्यांपर्यंत न्यायची. तिथे कुठल्या कंपनीचं नाव आणि त्यांचं लॉगिन आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ही नोंद हार्डवेअरशी बांधलेली असते, कितीही फॉरमॅट करा, जात नाही. घरी नेटशिवाय विंडोज बसवून दाखवणाऱ्याकडे हे कधीच कळत नाही, म्हणून नेट हवंच.

लायसन्सही तिथेच बघावं. या डब्यांच्या बायोसमध्ये विंडोज प्रोची की सहसा भरलेली असते, त्यामुळे प्रो बसवली की आपोआप ॲक्टिव्हेट होते. होम बसवली तर ती की उपयोगी पडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ लिहायचं. कायमचं ॲक्टिव्हेशन असं उत्तर आलं तर ठीक, पुढची एखादी मुदतीची तारीख आली तर लायसन्स चोरीचं समजावं.

ॲडॉप्टरकडे बहुतेक जण बघत नाहीत. डेलच्या ॲडॉप्टरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून मशीनला ॲडॉप्टर किती वॉटचा ते कळतं. नकली ॲडॉप्टरमध्ये ही ओळख पटत नाही. चालू करताना तसा संदेश येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. ग्राहकाला वाटतं मशीनच भिकार. मूळचा ६५ वॉटचा ॲडॉप्टर मागून घ्यावा. वायफाय कार्ड आणि अँटेना आहेत का तेही विचारावं, कित्येक डब्यांत दोन्ही नसतात.

एसएसडी मी त्यांची घेतली नाही, नवी ५०० जीबीची २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) बसवली. एम.२चा स्क्रू जुन्या डब्यांत हमखास हरवलेला असतो, तो दुकानातून मागून आणावा. रॅम मात्र मशीनबरोबरच घेतली, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भलतेच चढले आहेत. १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्याव्यात. ग्राफिक्स त्याच मेमरीवर चालतं आणि दोन चॅनेलचा फायदा तिथे मिळतो. बिल जीएसटीचं, त्यावर सर्व्हिस टॅगचा, म्हणजे डेलच्या मशीनच्या ओळखीचा क्रमांक.

माझा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए जोडणीचा. या डब्याला मागे एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. दोन्हीकडून व्हीजीएला जायचं तर आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नुसत्या केबलने पडदा काळाच राहतो.

काम हलवताना क्रम पाळावा लागतो. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. डेटाचं फोल्डर कॉपी करण्याआधी टॅलीतून बॅकअप वेगळा. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या संकेतस्थळाला लागणारा एमसाइनर हा सहीचा प्रोग्राम नव्याने बसवायचा, एक सही करून बघायची आणि मगच जुना टॉवर उचलायचा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर विंडोज ११ बरेचदा न विचारता ड्राइव्ह कूटबद्ध करते. ड्राइव्ह उघडणारी रिकव्हरी की छापून ठेवावी, बायोस अपडेट केल्यावर ती मागितली जाऊ शकते.

विजेचं सांगायचं तर प्लगच्या वॉटमीटरवर नुसता चालू टॉवर ४५ वॉटच्या आसपास दाखवायचा, डबा १०च्या. ३५ वॉटचा फरक, दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १०५ युनिट. महावितरणच्या बिलात युनिट दहा रुपयांचं धरलं तर हजारेक रुपये. एवढ्यासाठी कोणी मशीन बदलू नये. देखभालीसाठी वीज जाते तेव्हा मात्र तोच ६०० व्हीएचा यूपीएस बराच जास्त वेळ पुरतो, हे कामाचं.

डबा बंद कपाटात किंवा कागदांच्या गठ्ठ्यामागे ठेवू नये, समोरून हवा आत जाते आणि मागून बाहेर पडते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ आणि पावसाळ्यातली खाडीची दमट हवा मिळून पंख्यावर चिकट थर बसतो, म्हणून वर्षातून दोनदा साफ करावा. मागचा एकच अंगठ्याने फिरणारा स्क्रू काढून झाकण सरकवायचं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं. जोराच्या हवेने तो मर्यादेपेक्षा वेगात फिरला तर बेअरिंग जातं, आणि या मापाचा पंखा बाजारात पटकन मिळत नाही.